अग्रशाळेतली एक खोली: फोंडा तालुक्यातील देवस्थान समित्यांना खुले पत्र

सन्माननीय अध्यक्ष, सचिव, मुखत्यार आणि समस्त महाजन मंडळी,

स.न.वि.वि.

मागणी सुरुवातीलाच सांगून टाकते. आपल्या देवस्थानाच्या अग्रशाळेतली, म्हणजे भाविकांच्या उतरण्याच्या इमारतीतली, एक खोली आठवड्यातून एक दुपार समुपदेशनासाठी द्यावी. अबोला धरून बसलेली नवरा-बायको, एका छपराखाली राहून एकमेकांशी न बोलणारे बापलेक, आणि 'आता काही सुचतच नाही' म्हणणारी एकेकटी माणसे यांच्यासाठी ती हवी आहे. जत्रा, पालखी आणि लग्नाचे मुहूर्त सोडले तर दुपारच्या वेळी यातल्या बऱ्याच खोल्यांना कुलूप असते, हे याच तालुक्यात वाढल्यामुळे मला ठाऊक आहे. मी स्वतः समुपदेशक आहे. त्यामुळे या मागणीत माझा स्वार्थ नाही असे म्हणणार नाही, पण तो पैशाचा नाही, हे पुढे दिसेलच.

मग पत्र आरोग्य खात्याला का लिहिले नाही? प्रश्न रास्त आहे. गोव्यात मनाच्या आजारांवर उपचारांची सोय काही आजकालची नाही. १९५७ साली पणजीत आल्तिनोवर अबे फारियांच्या नावाने इस्पितळ निघाले, आणि आजची बांबोळीची मानसोपचार संस्था हा त्याचाच पुढचा अवतार. कांदोळीत जन्मलेल्या या फारियांचा पुतळा जुन्या सचिवालयाशेजारी आपण सगळ्यांनी पाहिला आहे. त्यांच्यापुढे एक बाई कोसळते आहे आणि ते हात पसरून उभे आहेत. येणारे-जाणारे त्यांना मांत्रिकच समजतात. खरे तर मोहनिद्रेत जे घडते ते वैद्याच्या अंगातल्या शक्तीने नव्हे, तर समोरच्याच्या स्वतःच्या मनातून घडते, हे या गृहस्थांनी दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये जाऊन सांगितले होते. असो.

तर सोय आहे. पण घर मोडायला आले म्हणून फोंड्यातला माणूस बांबोळीला जात नाही. बांबोळीचे नाव आपल्याकडे टोमणा म्हणून घेतले जाते, हे तुम्हालाही माहीत आहे. शिवाय सावईवेऱ्याहून किंवा शिरोड्याहून निघालेल्या माणसाचा बस बदलण्यात आणि रांगेत सगळा दिवस जातो, आणि 'कुठे गेला होतास' याचे उत्तर शेजाऱ्यांना द्यावे लागते ते वेगळेच. तो तुमच्याकडे येतो. देवापुढे गाऱ्हाणे घालतो, प्रसाद लावून घेतो (मूर्तीला लावलेल्या पाकळ्यांपैकी कोणत्या बाजूची पडते त्यावरून देवाचा कौल घेतो), आणि तरीही मिटले नाही तर समाजातल्या चार शहाण्यांची बैठक बोलावतो. देवळात कशाला गेला होतास, असे मात्र कोणी कोणाला विचारत नाही. म्हणून हे पत्र तुम्हाला.

पुढे काही माणसांच्या गोष्टी येतील. ओळख पटू नये एवढे तपशील मी बदलले आहेत, तेव्हा हा अमक्याचा मुलगा का, असा शोध घेऊ नये ही विनंती.

प्रसादाबद्दल बोलताना मला जपून बोलायला हवे, कारण मी स्वतः भाविक आहे आणि आमच्या घरातले मोठे निर्णय आजही पाकळ्या लावल्याशिवाय होत नाहीत. एका बाईने 'माहेरी जाऊ की इथेच राहू' म्हणून प्रसाद लावला होता. राहण्याच्या बाजूने पाकळी पडली. ती राहिली. काही महिन्यांनी माझ्याकडे आली तेव्हा म्हणाली, "देवाने राहा सांगितले, मी राहिले. पण कशी राहू, ते कोणाला विचारू?" मला तिचे म्हणणे देवाविरुद्धची तक्रार वाटली नाही. हो की नाही, एवढेच विचारले तर तेवढेच उत्तर मिळणार. उद्या सकाळी तोच नवरा चहा मागणार, तीच सासू भाजीकडे बघून नाक मुरडणार, आणि रात्री तोच विषय निघणार, तेव्हा काय बोलायचे आणि काय गिळायचे, हे पाकळीला विचारून कळत नाही.

बैठकीबद्दल मात्र मी जपून बोलणार नाही. अशा बैठकींत मी नातेवाईक म्हणून बसलेली आहे. एका बाजूला नवरा, त्याचा बाप आणि थोरला भाऊ. दुसऱ्या बाजूला बायको, तिचा मामा, आणि तिची आई, जी बोलत नाही, डोळे पुसते. मध्ये चार शहाणे, बहुतेक वेळा चारही पुरुष. चहा फिरतो. मग एकेकाने आपले म्हणणे मांडायचे. ती उलट उत्तर देते, तो आईचेच ऐकतो, तिने दागिने माहेरी ठेवले, त्याने वाढदिवसाला फोन केला नाही. शहाण्यांपैकी एकजण तराजू घेऊन बसल्यासारखा दोन्ही बाजूंचे दोष तोलतो आणि शेवटी सांगतो, "दोघांचेही थोडे चुकले, आता झाले गेले विसरा." दोघे एकाच स्कूटरवर बसून घरी जातात आणि बैठक यशस्वी झाली अशी गावात नोंद होते.

तिथे बोलला गेलेला शब्दन् शब्द ऐकणाऱ्यांसाठी असतो. माणूस वकिली करतो. जे खरोखर सलते आहे ते मामासमोर बोलता येत नाही. गर्भपातानंतर नवऱ्याने आपल्याला एकदाही जवळ घेतले नाही, हे ती बाई चार पुरुषांसमोर कशी सांगणार? आपल्यावर कर्ज आहे आणि ते बायकोला कळले तर आपली किंमत राहणार नाही, हे तो बापाच्या शेजारी बसून कसे सांगणार? म्हणून मग दागिने निघतात. बैठकीला निकाल द्यायचा असतो, आणि निकाल द्यायचा म्हणजे कोणीतरी चुकलेला लागतोच.

समुपदेशनात निकाल नसतो. बऱ्याच जणांना हेच पटत नाही. पैसे देऊन जायचे आणि चूक कोणाची तेही सांगत नाहीत, मग करतात काय? एका जोडप्याच्या निमित्ताने सांगते.

नवऱ्याचा खाणीवर ट्रक होता. डिचोलीच्या बाजूचे घर. २०१२च्या सप्टेंबरमध्ये खाणी थांबल्या. पुढे सुरू झाल्या, ट्रकला नवे टायर घातले, आणि सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यावर २०१८च्या मार्चमध्ये पुन्हा सगळे बंद. दारात ट्रक गंजत उभा आणि बँकेचा हप्ता चालू. मग तो कुंडईच्या वसाहतीत कारखान्यात पाळीवर लागला, बिऱ्हाड फोंड्याला आणले. स्वतःच्या गाडीचा मालक असलेला माणूस दुसऱ्याच्या फाटकावर कार्ड दाखवून आत जाऊ लागला. माझ्याकडे आले तेव्हा भांडणाचे कारण दोघांनीही मोबाइल हे सांगितले.

पहिल्या भेटीत मी फक्त एवढे विचारले की परवाचे भांडण कसे सुरू झाले, आणि त्यानंतर एकापाठोपाठ एक काय काय घडले. तिने विचारले, पगार झाला का? तो गप्प. तिने पुन्हा विचारले. तो उठून सोप्यावर जाऊन बसला. ती मागोमाग गेली. त्याने मोटारसायकल काढली आणि तो तावेर्नात, म्हणजे दारूच्या गुत्त्यावर, गेला. परत आला तेव्हा ती झोपल्याचे सोंग घेऊन पडलेली. आदल्या आठवड्यातले भांडण सांगायला लावले, तर त्यातही हेच. विषय मुलाच्या शिकवणीचा, पण क्रम तोच: ती विचारते, तो उठतो, ती पाठी जाते, तो निघून जातो. तिला वाटते हा मला टाकून जातो. त्याला वाटते ही मला कोपऱ्यात गाठते. कागदावर क्रम लिहून दोघांसमोर ठेवला, तेव्हा तो बराच वेळ त्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हे तर दर वेळचेच आहे."

मग मी त्याला विचारले, उठावेसे वाटते त्या क्षणी अंगात काय होते? पुरुषांना हा प्रश्न कोणी विचारलेला नसतो. तो म्हणाला, कान तापतात, छातीत धडधडते, ती काय बोलते ते ऐकूच येत नाही. हे ढोंग नव्हे. जॉन गॉटमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने जोडप्यांना बोलायला बसवून, त्यांच्या नाडीचे ठोके मोजून वर्षानुवर्षे अभ्यास केला. ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेले की माणसाला समोरच्याचे नीट ऐकता येत नाही, विनोद सुचत नाही, समजूत घालता येत नाही. शरीर शांत व्हायला वीसेक मिनिटे तरी लागतात, आणि त्या वेळात मनातल्या मनात भांडण चालूच ठेवले तर तेवढ्यातही होत नाही. अशा वेळी 'आत्ताच्या आत्ता बोल' म्हणणे, किंवा तसा हट्ट बैठकीत वडीलधाऱ्यांनी धरणे, निरुपयोगी आहे.

म्हणून करार असा ठरला की त्याने उठावे, पण उठताना 'अर्ध्या तासात येतो' असे तोंडाने सांगावे. तिने मागे जाऊ नये. त्याने तावेर्नात जाऊ नये, रस्त्याने चालून यावे. आणि परत आल्यावर विषय त्यानेच काढावा. यातला शेवटचा भाग सगळ्यांत अवघड होता. पहिल्या वेळी तो तासाभराने आला आणि काही न बोलता तिच्याशेजारी बसला. तिने ते मला रागाने सांगितले. पण बसला ना, असे मी विचारल्यावर ती थांबली. अशा काही भेटींनंतर खरी गोष्ट बाहेर आली: ट्रकच्या हप्त्यासाठी त्याने तिच्याच भावाकडून पैसे घेतले होते आणि भावाने तिला सांगू नये म्हणून शपथ घातली होती. पगाराचा प्रश्न निघाला की तो का उठत होता, ते तेव्हा कळले. ती रडली, चिडली, आठवडाभर बोलली नाही. आजही ही दोघे भांडतात. पण तो अजून सोप्यावरून उठून तावेर्नात गेलेला नाही, आणि पगाराच्या दिवशी दोघे मिळून हिशोब लिहितात. यापेक्षा मोठा चमत्कार मी दाखवू शकत नाही.

नात्यात ताण आला की त्याचे कारण दरवेळी नात्यातच असते असे नाही, हेही या गोष्टीत दिसेल. आपल्या गोव्यात तर एक कारण कायद्याने घरात आणून ठेवले आहे. १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या व्यवस्थेत, वेगळा करार नसेल तर लग्नाबरोबर मालमत्ता दोघांची सामाईक होते. बायकोचा यात केवढा फायदा आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. पण वडिलोपार्जित घराची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतल्या वाटणीची कोर्टातली कारवाई, निघाली की भावाभावांच्या कागदावर सुनांच्या आणि जावयांच्या सह्या लागतात. धाकट्या सुनेने विचारले, मी काय वाचल्याशिवाय सही करू? झाले! मोठी जाऊ म्हणते हिनेच घर अडवले, सासू म्हणते माझ्या मुलाला हिने फितवले, आणि नवरा बायकोच्या बाजूने बोलला तर भावांना मुकतो, भावांच्या बाजूने बोलला तर बायकोला. वकील कागद बघेल, आणि त्याने बघायलाही हवा. पण रात्री दोन वाजता जागा असलेल्या त्या नवऱ्याला, 'मी दोन्हीकडे वाईट ठरतो आहे' एवढे एकदा कोणासमोर तरी बोलायचे असते. हे वाक्य त्याला भावासमोर बोलता येत नाही आणि बायकोसमोरही नाही.

नवरा-बायकोच काय, एकेकट्या माणसालाही ताण असह्य होतो. चवथीचेच, म्हणजे गणेश चतुर्थीचेच, बघा. मूळ घरी वीस-पंचवीस माणसे, माटोळी (गणपतीवरचे फळाफुलांचे छत) बांधायची, नेवऱ्या तळायच्या, पाच भाज्यांची तयारी, त्यातच अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचे औषध. चवथीनंतरच्या आठवड्यात एखादी सून छातीत दुखते म्हणून इस्पितळात जाते. ईसीजी काढतात, तो व्यवस्थित असतो. डॉक्टर सांगतात, "काही नाही, टेन्शन घेऊ नका." बरोबर आलेला नवरा घरी येऊन तेच सांगतो. आणि दुखणे खोटे ठरल्याचा अपमान घेऊन ती पुन्हा स्वयंपाकघरात उभी राहते. दुखणे खोटे नसते. डॉक्टरही चुकीचे बोलत नसतात. हृदय ठीक आहे हे आधी पाहायलाच हवे, समुपदेशकाकडे त्यानंतर यावे. पण टेन्शन घेऊ नका म्हणजे नेमके काय करू नका, हे तिला कोणी सांगितलेले नसते.

अशा बाईबरोबर मी पहिल्यांदा तिच्या दिवसाचा कागद करते. पहाटेपासून रात्रीपर्यंत काय काय, त्यातले कोणी सांगितले म्हणून, कोणी न सांगता गृहीत धरले म्हणून, आणि कोणते ती स्वतःच सोडायला तयार नाही म्हणून. हा तिसरा रकाना नेहमी सगळ्यांत लांब निघतो आणि तो भरताना बायका हसतात. झोप किती, जेवण कधी, शेवटचे मनासारखे काय केले. श्वास सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लावायचा, एवढी साधी गोष्ट शिकवते, कारण धडधड सुरू झाली की डोके चालत नाही, श्वास मात्र आपल्या हातात असतो. मग आठवड्यात एक छोटी गोष्ट ठरवायची. भजनाला जाणे बंद केले होते ते पुन्हा सुरू करणे, किंवा सासऱ्यांच्या रात्रीच्या औषधाचे काम दिराकडे देणे. ठरवून करणे आणि पुढच्या भेटीत कसे झाले ते बोलणे. न जमले तरी बोलणे. ऐकायला फार किरकोळ वाटते, ठाऊक आहे.

पण याच किरकोळ गोष्टींची परीक्षा आपल्याच गोव्यात झाली आहे, आणि त्याची चर्चा जगभर होते तेवढी इथे होत नाही याचे मला नवल वाटते. पर्वरीच्या संगाथ संस्थेने गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक म्हणून बसवले. तीव्र नैराश्याच्या रुग्णांना त्यांनी सहा ते आठ भेटी दिल्या, प्रत्येक भेट साधारण अर्ध्या-पाऊण तासाची. रोजच्या जगण्यात छोट्या, मनाला बरे वाटणाऱ्या गोष्टी पुन्हा आणणे आणि अडचणी एकेक करून सोडवणे, हा त्यातला मुख्य भाग. तीन महिन्यांनी या गटातले १०० पैकी ६४ जण नैराश्याच्या बाहेर आले होते, नेहमीच्या उपचारांच्या गटात हे प्रमाण ३९ होते. हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली छापून आले. दारूच्या आहारी जाऊ लागलेल्या पुरुषांवरचा असाच अभ्यास त्याच अंकात आहे. तिथे फरक लहान होता, पण होता. आपल्या गोव्याच्या लोकांना जे उपयोगी पडते ते कोणीतरी मोजून दाखवले आहे, एवढाच माझा मुद्दा.

याला आणखी एक बाजू आहे, ती थोडक्यात सांगते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२च्या अहवालात देशातल्या आत्महत्यांपैकी ३१.७ टक्क्यांचे कारण कौटुंबिक समस्या असे नोंदले आहे. आजारपणाचा क्रमांक त्यानंतरचा. मरणाचे विचार येत असतील तर आमच्या दुपारची वाट बघू नये. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत. तुमच्या सूचना फलकावर तो आजच लिहिलात तर या पत्राचे निम्मे काम झाले.

आता तुमच्यापैकी काही जणांच्या शंका, ज्या मला समोरासमोर विचारल्या गेल्या आहेत. एक म्हणजे, समुपदेशक घर फोडतात. माझ्याकडे येऊन वेगळी झालेली जोडपी आहेत, नाकारत नाही. राहा किंवा वेगळे व्हा, हे मी सांगत नाही. पण आरडाओरडा थांबल्यावर काहींना दिसते की इथे आता काही उरलेले नाही, आणि ती कोर्टकचेरी न वाढवता, पोरांना मध्ये न ओढता वेगळी होतात. तेही घर सावरणेच आहे, मी तरी असेच मानते. दुसरी शंका, घरातले बाहेरच्याला कशाला? बाहेरचा म्हणूनच. मामाला सांगितलेली गोष्ट पुढच्या बारशाला परत येते. समुपदेशकाला गोपनीयता पाळावी लागते. मुख्य अपवाद दोन: कोणाच्या जिवाला धोका असेल तर, आणि लहान मुलाचे लैंगिक शोषण होत असेल तर. दुसऱ्या बाबतीत तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने कळवणे बंधनकारकच आहे. हे अपवाद पहिल्याच भेटीत सांगितले जातात.

तिसरी गोष्ट कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. मारहाण असेल तिथे दोघांना समोरासमोर बसवून मी समुपदेशन करणार नाही, आणि तुम्हीही बैठक लावू नये. ज्या बाईला घरी गेल्यावर मार पडणार आहे ती तुमच्यासमोर खरे बोलणार नाही, आणि बोललीच तर त्याची किंमत रात्री मोजेल. तिला आधी सुरक्षित जागा आणि २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा आधार हवा. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे. एका बैठकीत 'थोडी चापट मारली असेल, त्यात काय' असे एका ज्येष्ठाने म्हटलेले मी ऐकले आहे. गाव सांगत नाही. त्या बाईने त्यानंतर कोणाकडेच तक्रार केली नाही, आणि पुढची कितीतरी वर्षे त्या बैठकीचे उदाहरण यशस्वी म्हणून दिले जात होते.

वधू-वर मेळाव्यांबद्दलही एक बोलायचे आहे. शेजारच्या ख्रिस्ती घरातल्या मुलामुलींना चर्चमध्ये लग्न लागण्याआधी तयारीचा वर्ग करावा लागतो. आपली मुले काय करतात? रजिस्ट्रारकडे पहिली सही, मग काही दिवसांनी दुसरी, आणि मुहूर्त सहा महिन्यांनी. दुसरी सही झाली की कायद्याने लग्न झाले, ही गोष्ट मुलांना ठाऊकच नसते. मधल्या काळात बिनसले तर मांडवाआधीच कोर्टाची पायरी. २०२१मध्ये सरकारने विवाहपूर्व समुपदेशन सक्तीचे करण्याची भाषा केली होती. सक्तीने कितपत साधेल याची मला शंका आहे; तास भरून प्रमाणपत्र घेतील आणि विसरतील. पण तुमच्या मेळाव्यात पत्रिका, पगार आणि फ्लॅट यांच्या जोडीला तासभर तरी बोलणे व्हावे. राहायचे कुठे, आईवडिलांचे आजारपण कोण बघणार, कमाईचा हिशोब एकत्र की वेगळा, मूल हवे का, आणि राग आला की तुमच्या घरात लोक काय करतात. हा शेवटचा प्रश्न मुलीला आणि मुलाला वेगवेगळा विचारा. उत्तरे ऐकण्यासारखी असतात.

आता खोलीचे. फलकावर 'समुपदेशन केंद्र' लिहू नये, नुसता खोलीचा क्रमांक पुरे. दार आतून बंद होणारे हवे आणि बोलणे बाहेर जाऊ नये, म्हणजे कार्यालयाला लागून असलेली खोली नको. पंखा, तीन खुर्च्या, पाण्याचा तांब्या. वेळ दुपारी दोन ते पाच, कारण तेव्हा देवळात वर्दळ नसते आणि पाळीवाल्यांनाही जमते. समुपदेशक त्याच गावचा नसावा. मी माझ्या गावच्या देवळात बसणार नाही, दुसऱ्या तालुक्यातले सहकारी तिथे येतील. आम्ही काही जण हे काम मोफत करायला तयार आहोत. येणाऱ्याला औषधाची गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवू, कारण औषध देणे आमचे काम नव्हे. आणि आमची कागदपत्रे समितीने जरूर तपासावीत. समुपदेशक म्हणून पाटी कोणीही लावतो; चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते, बाकीच्यांनी निदान पदवी, प्रशिक्षण आणि कोणाच्या देखरेखीखाली काम करतात ते दाखवावे. जो पहिल्याच भेटीत 'सगळे ठीक करून देतो' म्हणेल त्याला खोली देऊ नका.

येणाऱ्यांच्या नावांची नोंद समितीने ठेवू नये, किती जण आले एवढा आकडा महिन्याअखेर देऊ. आणि खोली महाजनांपुरती, म्हणजे देवस्थानाच्या मानकरी सभासदांपुरती, नको. कुळावी (ज्यांचे ते कुलदैवत आहे ते), सेवेकरी, देवस्थानाशी काही संबंध नसलेले भाडेकरू, बाहेरून कारखान्यात आलेले, ख्रिस्ती, मुसलमान, कोणीही यावे. ज्यांना अजूनही काही देवळांच्या पायऱ्या चढताना मागे कोण बघते आहे असे वाटते, त्यांनीही यावे. हे तुमच्या नियमांत बसत नसेल तर तसे स्पष्ट सांगा. अशा ठिकाणी आवाराबाहेरचा एखादा गाळा किंवा वाचनालयाची खोली मिळाली तरी आम्ही येऊ.

समितीच्या पुढच्या सभेत हा विषय घेतलात तर मी येऊन बोलेन, प्रश्नांना उत्तरे देईन. सभेत दोन-चार बायका असाव्यात, एवढी अट मात्र घालते. सगळ्या देवस्थानांनी एकदम हो म्हणावे अशी अपेक्षा नाही. एकाने पावसाळ्यानंतर, चवथ आटोपल्यावर, सहा महिन्यांसाठी खोली द्यावी. कोणी फिरकले नाही तर आम्ही किल्ली परत करू.

कळावे.

आपली,
फोंडा तालुक्यातील एक समुपदेशक